सूर्याचें छायाचित्र: जेऊरचें आणि बदनापूरचें

२६ डिसेंबर २०१९ रोजीं सकाळीं सूर्यास ग्रहण लागलें, तेव्हां मी बदनापूरच्या एका शाळेच्या पटांगणांत, साठ मिलिमीटर व्यासाच्या भिंगाची एक छोटी दुर्बीण मांडून उभा होतों. भोंवतीं शंभरावर मुलें जमलीं होतीं. ग्रहण कंकणाकृति होतें. पण कंकण दिसावयाचें तें दूर दक्षिणेस, केरळ व तामिळनाडू या बाजूस. आमच्या वांट्यास खंडग्रास आलें होतें. दुर्बिणीच्या तोंडावर सूर्यदर्शनाचा काळा पडदा घट्ट बसविलेला होता, आणि तो तसा बसविल्यावांचून दुर्बीण सूर्याकडे वळवावयाची नाहीं, हें मीं मुलांकडून दहादां वदवून घेतलें होतें. मुलें एकेक करून डोळा लावीत होतीं. सूर्याची कड सुरीनें कापल्यासारखी रेखीव दिसत होती, व चंद्रानें तिचा घेतलेला घांसहि तितकाच स्पष्ट होता.

मग छायाचित्र घ्यावें म्हणून मीं नेत्रभिंग काढलें आणि त्या जागीं कॅमेरा बसविला. कॅमेरा गांवांतल्या एका लग्नाचे फोटो काढणाऱ्या गृहस्थांकडून मागून आणिलेला होता. पडद्यावर पाहातों तों सूर्य नाहींच. कणकेचा गोळा पाण्यांत सोडावा तसा एक पांढुरका डाग! मळसूत्र आंत फिरविलें. डाग थोडा आवळला. आणखी आंत फिरविलें. आणखी आवळला. आतां स्पष्ट होणार, असें वाटतें न वाटतें तोंच नळी आंतून टेकली, पुढें जाईना. "गुरुजी, अजून आंत जायला पाहिजे," असें एक मुलगी म्हणाली. तिचें म्हणणें अक्षरशः खरें होतें. पण आंत जागा कोठें होती? आम्हीं तासभर खटपट केली, मधून मधून ढग आले नि गेले, आणि ग्रहण सुटलें. चित्र एकहि मिळालें नाहीं.

माझें शिक्षण मॅट्रिकपर्यंतचें. भिंगाचें केंद्रांतर मीं आयुष्यभर शिकविलें. मेणबत्ती, भिंग आणि पुठ्ठा घेऊन शिकविलें. परंतु त्या दिवशीं चुकलें तें नेमकें तेथेंच. दूरच्या पदार्थाचे किरण भिंगांतून जाऊन ज्या ठिकाणीं एकत्र येतात, त्याच ठिकाणीं चित्र घेणारा पृष्ठभाग असला पाहिजे. पुढें नाहीं, मागें नाहीं. नेत्रभिंग हें त्या ठिकाणाजवळ सहज नेतां येतें. कॅमेऱ्याचा पृष्ठभाग मात्र त्याच्या पेटीच्या पोटांत दडलेला असतो. जोडकड्यापासून तो सुमारे ५५ मिलिमीटर आंत असतो. शिवाय मान मोडूं नये म्हणून नळीच्या टोकाला जो काटकोनी आरसा लावलेला असतो, तो आणखी बरेंच अंतर खाऊन टाकतो. किरण कॅमेऱ्याच्या तोंडाशींच एकत्र येऊन गेलेले, आणि काच राहिली मागें! तो आरसा काढून कॅमेरा सरळ नळीला जोडला असता, तर पांच मिनिटांत काम झालें असतें. हायड्रोजनच्या तांबड्या प्रकाशांत सूर्य दाखविणाऱ्या खास दुर्बिणींत त्या आरशाच्या घरांतच एक गाळणी बसविलेली असते, ती काढून चालत नाहीं. तेथें एक अंतर्गोल भिंग मध्यें घालून किरणांचें मीलन थोडें मागें ढकलावें लागतें. ही सगळी अक्कल मला ग्रहण सुटल्यावर आली.

पण एक गोष्ट त्या निमित्तानें घडली. ही अडचण माझ्या एकट्याची आहे काय, हें शोधूं लागलों, आणि पुस्तकांच्या मागें मागें जातां जातां १८९८ सालच्या जेऊरला जाऊन पोंचलों. आजचें भाषण त्या जेऊरविषयीं आहे.

तत्पूर्वीं थोडी मागची हकीकत सांगितली पाहिजे. सूर्याचें पहिलें चांगलें छायाचित्र २ एप्रिल १८४५ रोजीं पॅरिस येथें फिझो आणि फूको या दोघां फ्रेंच शास्त्रज्ञांनीं चांदीच्या पत्र्यावर घेतलें. पुढें २८ जुलै १८५१ च्या खग्रास ग्रहणांत प्रशियांतील क्यॉनिग्सबर्ग येथें बर्कोव्स्की नांवाच्या छायाचित्रकारानें सूर्याभोंवतींचें तेजोवलय प्रथमच पत्र्यावर उतरविलें. त्यानंतर इंग्लंडांत वॉरन द ला र्यू यानें क्यू येथें खास सूर्यचित्रणाचें यंत्र चालू केलें, आणि १८६० सालीं तें स्पेनमध्यें ग्रहणाला नेलें. त्या यंत्रांत मूळ प्रतिमा अर्ध्या इंचाच्या आसपास पडे. दुसऱ्या भिंगानें ती सुमारें चार इंचांची करीत.

या मंडळींपुढें जी अडचण आली, ती आमच्याहूनहि चमत्कारिक होती. डोळ्यानें पाहून प्रतिमा अगदीं रेखीव करावी, काच त्याच जागीं ठेवावी, आणि धुतल्यावर चित्र पाहावें तों पुसट! याचें कारण असें कीं, आपल्या डोळ्यास पिवळा-हिरवा प्रकाश अधिक भासतो, आणि जुन्या रासायनिक काचांस मात्र निळा-जांभळा प्रकाशच काय तो कळे. भिंग हे दोन प्रकाश एकाच जागीं आणीत नाहीं. डोळ्याचा फोकस निराळा व काचेचा फोकस निराळा. म्हणून छायाचित्राचीं भिंगें मुद्दाम निळ्या प्रकाशासाठीं घांसून घेत. नाहीं तर काच केसकेसभर मागेंपुढें सरकवून एकामागून एक कसोटीचीं चित्रें घेत, धूत, पाहात, आणि त्यांतलें रेखीव कोणतें हें ठरवीत. आरशाच्या दुर्बिणीस हा दोष नाहीं, कारण परावर्तनांत सर्व रंग एकाच वाटेनें जातात.

आतां ग्रहणाकडे येऊं. २२ जानेवारी १८९८, शके १८१९ ची पौषी अमावास्या, शनिवार. त्या दिवशीं चंद्राची गडद छाया कोंकण किनाऱ्यावर विजयदुर्गापाशीं उतरली, घांट चढून सोलापूर जिल्ह्याच्या उत्तर भागांतून ईशान्येकडे गेली, आणि मराठवाडा ओलांडून वऱ्हाडांत शिरली. आमचें बदनापूर त्या पट्ट्याच्या उत्तरेस राहिलें. येथें सूर्याची कोर शिल्लक राहिली असली पाहिजे. छाया मराठवाड्यावरून गेली खरी, पण मोठ्या वेधमंडळ्यांनीं मुक्काम टाकले ते जेऊरला आणि वऱ्हाडांतल्या तळणीला. माझा तर्क असा कीं, हा सारा आगगाडीचा प्रताप आहे. हीं दोनहि ठिकाणें ग्रेट इंडियन पेनिन्शुला रेल्वेवरचीं. मराठवाड्यांतून जाणारी गोदावरी खोऱ्याची रेल्वे १९०० सालीं सुरू झाली. खंडीवारी लोखंड आणि नाजूक काचा बैलगाडींतून कोण नेणार?

जेऊर हें करमाळा तालुक्यांतलें स्टेशन. तेथें ज्या मंडळ्या उतरल्या, त्यांपैकीं दोन सांगण्याजोग्या आहेत. एक अमेरिकेंतील लिक वेधशाळेची, विल्यम वॉलेस कॅम्बेल यांच्या नेतृत्वाखालची. दुसरी आपल्या पुण्याची, प्रोफेसर कावसजी दादाभाई नायगमवाला यांची.

कॅम्बेलसाहेबांनीं जो कॅमेरा आणिला होता, त्याची लांबी ऐकून आजहि हंसूं येईल. चाळीस फूट! पांच इंच व्यासाचें भिंग, आणि त्याचें केंद्रांतर चाळीस फूट. शेबर्ले नांवाच्या त्यांच्याच वेधशाळेंतील शास्त्रज्ञानें १८९३ सालच्या ग्रहणासाठीं हा कॅमेरा योजिला होता. एवढी लांबी कशासाठीं? हिशेब सोपा आहे. सूर्याची प्रतिमा केंद्रांतराच्या सुमारें एकशेआठव्या हिश्शाएवढी पडते. चाळीस फूट म्हणजे ४८० इंच. म्हणजे प्रतिमा सुमारें साडेचार इंचांची. आमच्या शाळेच्या दुर्बिणीचें केंद्रांतर ४०० मिलिमीटर, म्हणून आमचा सूर्य चार मिलिमीटरसुद्धां नाहीं. तुरीच्या दाण्यापेक्षां लहान.

चाळीस फुटांची नळी घड्याळाच्या यंत्रानें आकाशांत फिरविणें शक्य नव्हतें. म्हणून भिंग उंच मनोऱ्यावर सूर्याच्या दिशेस कायमचें बांधून टाकलें, खालीं काचेची अंधारी खोली केली, आणि दोहोंमध्यें कापडी नळी ताणली. भिंग हलत नाहीं, सूर्य मात्र हलतो. तेव्हां प्रतिमा खोलींत सरकत जाणार. किती? ती आपल्या रुंदीएवढी सुमारें सव्वादोन मिनिटांत सरकते. आणि खग्रास काळ होता दोन मिनिटांचा! म्हणून यांत्रिक गतीनें काचच प्रतिमेच्या बरोबरीनें रुळावरून सरकवीत. एवढा खटाटोप पाहिला म्हणजे वाटतें कीं, असल्या राक्षसी यंत्राचा फोकस साधणें महाकर्मकठीण असेल.

श्रोतेहो, येथें मला मोठी गंमत सांपडली. प्रत्यक्ष हिशेब अगदीं उलटा आहे. फोकसमध्यें किती चूक खपेल, हें केंद्रांतर भिंगाच्या व्यासाच्या किती पट आहे त्यावर अवलंबून असतें, आणि तेंहि त्या पटीच्या वर्गाच्या प्रमाणांत. जेऊरच्या कॅमेऱ्यांत ही पट ९६ होती; आमच्या दुर्बिणींत ती पावणेसात आहे. वर्ग करून पाहा: त्यांना आमच्या दोनशेपट अधिक चूक माफ होती. आमची काच केसाच्या जाडीएवढी हलली कीं चित्र बिघडतें. त्यांची काच बोटाच्या अर्ध्या पेराएवढी हलली तरी सूर्य शाबूत. छोटी दुर्बीण ही मोठीपेक्षां अधिक हट्टी असते, हें मला कोणी पूर्वीं सांगितलें नव्हतें. चाळीस फुटांच्या यंत्राचीं दुखणीं निराळीं: वारा, धूळ, कांप, आणि काच सरकविणाऱ्या यंत्राची चाल.

कॅम्बेल यांचें नांव पुढें आणखी गाजलें. १९२२ सालीं ऑस्ट्रेलियांत वॉलल येथील ग्रहणांत त्यांच्या मंडळीनें घेतलेल्या ताऱ्यांच्या छायाचित्रांनीं आइन्स्टाइनच्या सिद्धान्तास बळकटी आणिली.

परंतु माझें मन रमतें तें नायगमवाला यांच्या तळावर. हे पारशी गृहस्थ मुंबईस एल्फिन्स्टन कॉलेजांत पदार्थविज्ञान शिकवीत असत. १८८२ च्या सुमारास त्यांनीं वर्णपटाच्या अभ्यासासाठीं वेधशाळा काढण्याची कल्पना मांडली. भावनगरचे महाराज तख्तसिंहजी यांनीं पांच हजार रुपये दिले, आणि मुंबई सरकारनें तेवढेच त्यांत घातले. दहा हजारांची वेधशाळा! पुढें नायगमवाला पुण्याच्या सायन्स कॉलेजांत आले, आणि १८८८ सालीं महाराजा तख्तसिंहजी वेधशाळा तेथें उभी राहिली. डब्लिनच्या ग्रब यांनीं घडविलेली तिची वीस इंची आरशाची दुर्बीण त्या काळीं हिंदुस्थानांत सर्वांत मोठी होती.

नायगमवालांना वर्णपटाच्या कामांत सर नॉर्मन लॉकियर यांचा सल्ला लाभला होता. तरी १८९१ सालीं मृगशीर्षांतील तेजोमेघाच्या वर्णपटाचें परीक्षण करून त्यांनीं जाहीर केलें कीं, त्यांतली मुख्य रेषा सर्व परिस्थितींत रेखीवच दिसते. आणि हें लॉकियर यांच्या मताविरुद्ध जाणारें होतें. ज्याच्यापाशीं शिकावें त्याच्याच विरुद्ध पुरावा मिळाला, तर तो निमूटपणें छापावा, ही गोष्ट मला वीस इंची आरशापेक्षां मोठी वाटते.

जेऊरला नायगमवालांनीं भर दिला तो सूर्याच्या वर्णपटावर. कॅमेऱ्याच्या भिंगापुढें लोलक बसवावयाचा, म्हणजे चंद्राआडून डोकावणारी सूर्याची बारीक कोर प्रत्येक रंगांत निरनिराळी उमटते. एकेक मूलद्रव्य एकेक कोर. सूर्यबिंब झांकतां झांकतां हा चमकता वर्णपट क्षणभर दिसतो, आणि नाहींसा होतो. येथें फोकसची परीक्षा दुहेरी. निळ्याचा फोकस साधला तर तांबडा हुकतो, म्हणून काच तिरपी ठेवून तडजोड करावी लागते. आणि परीक्षेचा क्षण येतो तो एकदांच. आमची खटपट तासभर चालली, आणि तरी आम्हीं चुकलों. त्यांच्या हातीं मोजून दोन मिनिटें होतीं, आणि तीं साधण्यासाठीं जेऊरच्या थंडींत रात्री काढल्या होत्या. त्या कामाचा अहवाल १९०२ सालीं वेधशाळेच्या प्रकाशनाचा पहिला खंड म्हणून प्रसिद्ध झाला.

त्याच दिवशीं लॉकियर स्वतः विजयदुर्गाच्या किल्ल्यांत होते, आणि 'मेल्पोमीनी' या युद्धनौकेवरील खलाशी त्यांच्या मदतीस होते. त्या किल्ल्यांत साहेबाचे कट्टे म्हणून कांहीं ओटे दाखवितात, आणि १८६८ सालीं तेथें हेलियमचा शोध लागला, असें सांगतात. अभिमानाच्या गोष्टींत मोडता घालणें मला आवडत नाहीं. पण मास्तरकी केलेल्या माणसास चूक दिसली कीं तांबडी शाई सुचते. १८ ऑगस्ट १८६८ च्या ग्रहणाच्या वेळीं लॉकियर इंग्लंडांत होते. त्यांनीं सूर्याच्या ज्वाळांतल्या तेजस्वी रेषा २० ऑक्टोबर १८६८ रोजीं, ग्रहण नसतांना, तिकडेच पाहिल्या. आपल्या बाजूस १८६८ चें ग्रहण वर्णपटदर्शकांतून पाहिलें तें पटवर्धनांच्या जमखिंडी संस्थानांत लेफ्टनंट जॉन हर्शेल यांनीं, आणि तेंहि ढगांच्या फटींतून. लॉकियर विजयदुर्गास आले ते तीस वर्षांनंतर. त्या कट्ट्यांचा मान १८९८ चा आहे, आणि तो कांहीं कमी नव्हे.

वऱ्हाडांत तळणीस ब्रिटिश ॲस्ट्रॉनॉमिकल असोसिएशनची मंडळी होती. त्यांत जॉन एव्हरशेड होते, जे पुढें कोडाईकॅनलला गेले व जानेवारी १९०९ मध्यें सूर्यावरील डागांतून वायु बाहेर वाहातो हें ज्यांनीं दाखविलें. आणि वॉल्टर माँडर व त्यांच्या पत्नी ॲनी माँडर हेहि होते. या बाईंनीं गर्टन कॉलेजच्या अनुदानांतून दीड इंच व्यासाचें लहानसें भिंग घेतलें होतें. जेऊरला चाळीस फुटांचा मनोरा, आणि तळणीला हातांत मावेल एवढें भिंग! पण तेजोवलयाचा तोंवर छायाचित्रांत आलेल्या सर्व किरणांहून लांब किरण उतरला तो त्या चिमुकल्या भिंगांतूनच. लांब केंद्रांतरानें प्रतिमा मोठी होते, परंतु प्रकाश पातळ होतो. आंखूड केंद्रांतरांत प्रतिमा लहान, पण प्रकाश दाट. अंधुक किरणाला दाट प्रकाश लागतो. जें भिंग फोकसला हट्टी, तेंच येथें उपयोगी पडलें.

आतां या कथेंतला दुःखाचा भाग. १९१२ सालीं नायगमवाला सेवानिवृत्त झाले, आणि त्यांच्या पाठोपाठ सरकारी हुकुमानें पुण्याची वेधशाळा बंद करण्यांत आली. उपकरणें कोडाईकॅनलला रवाना झालीं. तेथें १९०४ पासून सूर्याचें रोजचें छायाचित्र घेण्याचा परिपाठ सुरू झालेला होता, व त्या काचांचा सांठा आज जगांतल्या मोठ्या सौर-संग्रहांपैकीं एक आहे. तेव्हां दुर्बीण कुजत पडली, असें म्हणतां येणार नाहीं. परंतु चोवीस वर्षें ज्या कॉलेजांत विद्यार्थ्यांना देशांतल्या सर्वांत मोठ्या दुर्बिणीखालून जातां येत होतें, तेथें उद्यां दुर्बीणच नाहीं! एका माणसाच्या निवृत्तीबरोबर एक शास्त्र एका शहरांतून उठून जातें, याचा विषाद मला वाटतो. माझ्या निवृत्तीच्या दिवशीं शाळेंतल्या त्या साठ मिलिमीटरच्या दुर्बिणीची किल्ली कोणाच्या हातांत द्यावी, हा विचार मला रात्रभर छळीत होता. नायगमवाला १९३८ पर्यंत हयात होते. आपल्यामागें पुण्यांत कोणी सूर्याकडे दुर्बीण लावील काय, असें त्यांच्या मनांत कितीदां आलें असेल!

पुण्यांत सूर्याचा अभ्यास परतला, पण त्याला फार वर्षें लागलीं. आयुका ही संस्था १९८८ सालीं स्थापन झाली. २ सप्टेंबर २०२३ रोजीं सोडलेल्या आदित्य-एल१ या यानावरची सूट नांवाची दुर्बीण आयुकाच्या पुढाकारानें तयार झाली. तिचा आरसा १४० मिलिमीटरांचा. आमच्या शाळेच्या भिंगाच्या अडीचपटीहून लहानच. पृथ्वीपासून पंधरा लक्ष किलोमीटरांवर ती जंबुपार प्रकाशांत सूर्याचीं चित्रें घेते. तेथें मळसूत्र फिरवावयास कोण जाणार? म्हणून फोकससाठीं भिंग पुढेंमागें सरकविण्याची योजना यंत्रांतच केलेली आहे.

२५ ऑक्टोबर २०२२ रोजीं, दिवाळीच्या दिवसांत, मावळत्या सूर्यास पुन्हां ग्रहण लागलें. मी तेव्हां निवृत्त झालों होतों. पण किल्ली ज्या तरुण शिक्षकांकडे दिली होती, त्यांनीं मला बोलावून नेलें. आदल्या तीन संध्याकाळीं आम्हीं तालीम केली. काटकोनी आरसा काढला, कॅमेरा सरळ जोडला, नळी एकेक केस मागें घेत चित्रें काढलीं, आणि सर्वांत रेखीव चित्र ज्या जागीं आलें तेथें नळीवर खिळ्यानें एक रेघ ओढली. ग्रहणाच्या संध्याकाळीं शाळेच्या गच्चीवरून पश्चिमेस पाहातां नळी त्या रेघेवर आणिली, पडदा नीट आहे ना तें तिघांनीं पाहिलें, आणि मुलीनें बटण दाबलें. ही तीच मुलगी, जी २०१९ सालीं "अजून आंत जायला पाहिजे" म्हणाली होती. आतां ती कॉलेजांत जात होती.

चार मिलिमीटरसुद्धां नसलेला तो सूर्य मोठा करून शाळेच्या भिंतीवर लावलेला आहे. त्याची खालची बाजू क्षितिजाजवळच्या हवेंत किरण वांकल्यामुळें थोडी चेपलेली दिसते, आणि घांस मात्र स्वच्छ आहे. नळीवरची रेघहि तशीच आहे. उन्हाळ्यांत नळी तापली म्हणजे ती केसभर चुकते, आणि मग पुन्हां दोनतीन चित्रें घेऊन पाहावें लागतें.